जेमीचा विग कोणी उतरवला?

मराठीच्या प्राध्यापकांसाठी भरलेल्या एका उजळणी वर्गात मध्यंतरी 'रूपांतर' या विषयावर बोलण्याची वेळ माझ्यावर आली. नेहमीची उदाहरणे टाळायची म्हणून मी 'एव्हरीबडीज टॉकिंग अबाउट जेमी' या २०२१ च्या ब्रिटिश चित्रपटातील शेवटचा प्रसंग दाखवला. शाळेतल्या निरोपाच्या नृत्यसमारंभाला, म्हणजे तिकडच्या भाषेत 'प्रॉम'ला, एक सोळा वर्षांचा मुलगा पांढरा झगा घालून येतो, दाराशी अडवला जातो आणि वर्गमित्रांच्या पाठिंब्याने आत जातो, असा तो प्रसंग. दिवे लागल्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "यात नवीन काय? आमच्या बालगंधर्वांनी शंभर वर्षांपूर्वी हे करून ठेवले आहे." त्यावर थोडे हसू झाले. मग एक तरुण प्राध्यापिका उठून म्हणाल्या, "पण किती प्रांजळ आहे हे! शेवटी सगळे मुखवटे टाकून तो स्वतः म्हणून उभा राहतो." या विधानाला मात्र सभागृहाने एकमुखाने मान डोलावली.

पहिल्या प्रतिक्रियेचा समाचार थोडक्यात घेता येईल. या लेखातले माझे खरे भांडण त्या डोलावलेल्या मानांशी आहे. त्यांत, पुढे सांगेन त्याप्रमाणे, बरीच वर्षे माझीही मान होती.

आधी ज्याच्याविषयी सगळेच बोलतात तो मुलगा कोण, ते पाहू. जेमी कॅम्पबेल हा ईशान्य इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातला. हा एके काळचा कोळशाच्या खाणींचा मुलूख. या परगण्यातली ईझिंग्टनची खाण १९९३ साली बंद झाली, म्हणजे जेमीच्या जन्माच्या आगेमागे. खाणी गेल्या तरी खाणकामगारांच्या वस्तीत पुरुषाने कसे असावे याविषयीची समजूत मागे राहिली. जेमी शाळेत जायला लागला तेव्हा इंग्लंडमध्ये 'कलम २८' या नावाने ओळखली जाणारी तरतूद अस्तित्वात होती. १९८८ च्या त्या कायद्याने स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा 'प्रसार' करण्यास आणि सरकारी शाळांतून ती कौटुंबिक नाते म्हणून मान्य असल्याचे शिकवण्यास मनाई केली होती. स्कॉटलंडमध्ये ही तरतूद २००० साली रद्द झाली, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ साली. तेव्हा जेमी आठ-नऊ वर्षांचा असेल. कलम गेले, पण पंधरा वर्षे गप्प बसायला शिकलेले शिक्षक त्याच शाळांतून राहिले. कायदा रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गातली भाषा बदलत नाही, हे आपण शिक्षकांना कोणी सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर सोळा वर्षांच्या जेमीने दोन गोष्टी ठरवल्या: एक म्हणजे 'ड्रॅग क्वीन' म्हणून रंगमंचावर उभे राहायचे आणि दुसरी म्हणजे प्रॉमला ड्रेस घालून जायचे. आणि त्याने तिसरीही एक गोष्ट केली. या लेखाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. त्याने आपणहून माहितीपट तयार करणाऱ्यांना लिहिले: मी असे असे करणार आहे, तुम्ही येऊन त्याचे चित्रण करा. त्यातून जेनी पॉपलवेल यांनी दिग्दर्शित केलेला 'जेमी: ड्रॅग क्वीन अॅट सिक्स्टीन' हा माहितीपट तयार झाला आणि २०११ साली 'बीबीसी थ्री' या वाहिनीवरून दाखवला गेला. पुढे मुलाखतींमधून जेमीने या पत्रामागचे जे कारण सांगितले त्याचा आशय असा, की सोबत कॅमेरा असला तर अंगावर येणारे बिचकतील. कॅमेरा हे एक प्रकारचे संरक्षण होईल.

हे कारण आपण पुरेशा सावकाशीने वाचत नाही. आपल्या मनात कॅमेऱ्यासमोर जाणारा मुलगा म्हणजे प्रसिद्धीचा हपापलेला मुलगा, असे एक समीकरण बसलेले असते. इथे मात्र छळ सोसलेल्या, पाठीशी संस्था नसलेल्या एका पोराने अचूक हिशेब केला आहे. आपल्या गावात आपल्याकडे लोक बघतात आणि ते बघणे धोक्याचे आहे. त्या बघण्यातून सुटका नाही. मग त्याहून मोठे, दूरचे आणि नोंद ठेवणारे बघणे आणून मध्ये उभे करावे. गावाच्या डोळ्यांवर देशाचे डोळे ठेवावेत. सोळाव्या वर्षी ज्याला हे सुचते त्याला रंगभूमीचे मर्म समजले आहे असे मी म्हणेन, कारण कोण कोणाकडे कोठून पाहतो याची व्यवस्था लावणे हेच तर रंगभूमीचे पहिले काम. आपल्या जीवनकथेचा हा मुलगा नुसता नायक नाही, तो तिचा पहिला योजक आहे.

आता बालगंधर्वांकडे वळू. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांची आणि जेमीची तुलना करण्यात बालगंधर्वांचा अपमान नाही आणि जेमीचाही नाही. फक्त ती तुलना चुकीची आहे. आपला स्त्रीपार्टी नट ज्या रंगभूमीवर उभा राहिला तेथे स्त्रियांना प्रतिष्ठित प्रवेशच नव्हता. त्याच्या कलेची परीक्षा एवढीच, की भामिनी किंवा सिंधू दिसत असताना आतला पुरुष प्रेक्षकाच्या स्मरणातून पुसला गेला पाहिजे. इंग्लंडमध्ये याला जवळचे उदाहरण शेक्सपिअरच्या काळातील मुलगे-नटांचे आहे. १६६० नंतर तेथे स्त्रिया रंगमंचावर आल्या आणि ती प्रथा मावळली. ड्रॅग याच्या नेमके उलट चालते. तिथे आतला पुरुष विसरला गेला तर खेळ फसला. पापण्या वाजवीपेक्षा लांब, विग वाजवीपेक्षा उंच, विनोद वाजवीपेक्षा धारदार, कारण प्रेक्षकाला एकाच वेळी दोन माणसे दिसली पाहिजेत, आणि त्या दोघांमधल्या फटीतून 'पुरुष' आणि 'स्त्री' या दोन्ही वेषांची शिवण दिसली पाहिजे.

ही शिवण दाखवण्याची किंमत असते. पॉल ओग्रेडी (१९५५–२०२३) या बर्कनहेडच्या कलावंताने उभी केलेली 'लिली सॅव्हेज' ही ब्रिटिश ड्रॅगमधील एक अजरामर व्यक्तिरेखा. जानेवारी १९८७ मध्ये लंडनच्या 'रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न'मध्ये तिचा खेळ चालू असताना पोलिसांनी धाड घातली. एड्सच्या भीतीने पोलिसांनी हातात रबरी मोजे चढवले होते. त्यानंतर दहाएक वर्षांत तीच लिली सॅव्हेज बीबीसीवर घरोघर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमाची सूत्रधार झाली. रबरी मोज्यांपासून दिवाणखान्यापर्यंतचा हा प्रवास ब्रिटिश समाजाच्या बदलाची खूण म्हणून सांगितला जातो आणि ते खोटे नाही. पण लिली त्या दिवाणखान्यात स्वतःचा विग घालूनच आली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आणि इथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. जेमीच्या माहितीपटावरून सुचलेला 'एव्हरीबडीज टॉकिंग अबाउट जेमी' हा म्युझिकल फेब्रुवारी २०१७ मध्ये शेफील्डच्या 'क्रूसिबल' नाट्यगृहात आला. कल्पना आणि दिग्दर्शन जोनाथन बटरेल यांचे, संगीत डॅन गिलेस्पी सेल्स यांचे, संहिता आणि गीते टॉम मॅक्रे यांची. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो लंडनच्या वेस्ट एंडला 'अपोलो'मध्ये गेला आणि तेथे प्रचंड गाजला. बटरेल यांनीच पुढे त्यावर चित्रपट केला. डरहॅमच्या जागी शेफील्ड आले, कॅम्पबेलचा 'न्यू' झाला. हे सगळे रूपांतरकाराच्या हक्कातले बदल आहेत आणि त्यांविषयी माझी तक्रार नाही. मूळ कृतीशी निष्ठा हा निकष मी वर्गात शिकवत नाही आणि इथेही लावणार नाही. रूपांतराला मी एकच प्रश्न विचारतो: काय बदलले गेले, आणि त्या बदलाने कर्तेपण कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले?

या प्रश्नाने पाहू लागले की दोन गोष्टी ठळकपणे दिसतात.

पहिली गोष्ट, कॅमेरा नाहीसा झाला. म्युझिकलमधल्या जेमी न्यूच्या मागे कोणतेही चित्रणपथक नाही. त्याने कोणाला लिहिलेले नाही. त्याला जे मिळते ते इतरांकडून मिळते: आई सोळाव्या वाढदिवसाला लाल उंच टाचांचे बूट देते, ड्रॅगचे कपडे विकणारा ह्यूगो त्याला परंपरा आणि हिंमत देतो, मैत्रीण प्रिटी त्याला धीर देते. ही सगळी माणसे प्रेमळ आहेत. विशेषतः न आलेल्या बापाच्या नावाने भेटकार्डे आणि फुले पाठवत राहणारी आई हे या नाटकातले सर्वांत खरे पात्र आहे. पण या साऱ्या दात्यांच्या गर्दीत जेमी हा घेणारा होऊन बसतो. प्रकाशझोताची त्याची ओढ नाटकात आहे, पण ती एका हूड पोराचा स्वप्नाळूपणा आणि थोडाफार गर्व म्हणून. पुढे त्याला धडा मिळावा आणि तो शहाणा व्हावा यासाठी रचलेली. ज्याने प्रकाशाची ढाल केली तो मुलगा गेला. प्रकाशाला भुलणारा मुलगा त्याच्या जागी आला.

दुसरी गोष्ट, विग उतरला. नाटकाच्या मध्यावर जेमी 'मिमी मी' या ड्रॅग नावाने क्लबात उतरतो आणि जिंकतो. पण नाटकाचा कळस तिथे नाही. कळस प्रॉमच्या दाराशी आहे आणि तेथे तो मिमी म्हणून येत नाही. साधा पांढरा झगा, स्वतःचे आखूड केस, 'एक मुलगा, एका ड्रेसमध्ये'. नाट्यरचनेचा हिशेब स्वच्छ आहे: ड्रॅग ही एक पायरी, आणि पायरी ओलांडली की मुखवट्याची गरज संपते. ज्या कलेचे सगळे म्हणणे हेच, की मुखवटा आणि सत्य हे परस्परांचे शत्रू नाहीत, त्या कलेवरचे नाटक शेवटी मुखवटा उतरवण्याचा सोहळा करते. माझ्या सहकारी प्राध्यापिकेला जे प्रांजळ वाटले ते हेच. आणि मला वाटते, नाटकाने घेतलेली ही माघार आहे.

दोन नावांकडेच पाहा. खऱ्या जेमीने स्वतःला दिलेले ड्रॅग नाव होते 'फिफी ला ट्रू'. फ्रेंच थाटाचे, उथळ, लाडिक, आणि शेवटी इंग्रजीतला 'खरी' हा शब्द. सत्याची जागा त्याने वेषाच्या आतच मुक्रर करून टाकली होती. म्युझिकलने दिलेले नाव 'मिमी मी': मी, मी आणि मी. आमच्या काळाला सत्याऐवजी 'स्व' अधिक विकता येतो, एवढेच या नामांतरातून कळते.

याला एक रूढीही कारणीभूत आहे. बंद पडलेल्या उद्योगांच्या इंग्लंडमधून आलेल्या कथांचा एक साचा गेल्या काही दशकांत पक्का झाला आहे. 'द फुल माँटी' (१९९७) मधले शेफील्डचे बेकार पोलादकामगार, 'बिली एलियट' (२०००) मधला १९८४-८५ च्या खाणसंपात बॅले शिकणारा डरहॅमचाच मुलगा, 'किंकी बूट्स' (२००५) मधला नॉर्दॅम्प्टनचा जोड्यांचा कारखाना. यांपैकी 'किंकी बूट्स'चे मूळही एका बीबीसी माहितीपटात आहे आणि पुढे त्याचाही म्युझिकल झाला. या साच्यात कारखाना किंवा खाण हे दुःख पडद्यामागे सरकते आणि एक व्यक्ती नाचून-गाऊन त्यावर मात करते. यांतल्या कृती वाईट नाहीत. 'बिली एलियट' तर मला फार आवडतो. पण साच्याचे काम साचा करतोच. जेमी त्यात ओतला गेला तेव्हा त्याच्याभोवतीचा कायदा, शाळा, सार्वजनिक पैशावर चालणारी वाहिनी, हे सारे मऊ होत गेले आणि 'तू स्वतः हो, जग बदलेल' एवढे वाक्य उरले.

माझ्या या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. चित्रपटाने इतिहास परत आणला, असे म्हटले जाईल. रंगमंचावर ह्यूगोच्या पूर्वायुष्याचे जे गाणे होते ते बदलून चित्रपटात 'धिस वॉज मी' हे नवे गाणे घातले गेले. त्यात रिचर्ड ई. ग्रँट यांच्या ह्यूगोबरोबर हॉली जॉन्सन यांचा आवाज आहे आणि पडद्यावर १९८० च्या दशकातले मोर्चे, एड्सने माणसे गमावण्याचे दिवस उभे राहतात. हा बदल मोलाचा आहे, हे मी मान्य करतो. आजच्या मुलाला मोकळे दार कोणी उघडून दिले, हे त्यातून कळते. पण पाहा, इथेही इतिहास म्हाताऱ्या ह्यूगोच्या जुन्या व्हिडिओ टेपमधून येतो. जेमी ती टेप बघतो. म्हणजे कॅमेरा अखेर परत आला, पण आठवण म्हणून, दुसऱ्याच्या मालकीचा. खऱ्या गोष्टीत ज्याच्या हातात ती युक्ती होती तो इथे प्रेक्षक झाला.

दुसरा आक्षेप अधिक माणुसकीचा आहे. असे नाटक बघून एखाद्या गावातल्या एखाद्या मुलाला जगावेसे वाटले असेल, तर प्राध्यापकाने त्याच्या रचनेतल्या चुका काढाव्यात का? काढाव्यात, आणि त्या मुलासाठीच काढाव्यात. कारण 'प्रांजळ राहा, सगळे तुझ्या बाजूने उभे राहतील' हा सल्ला दाराशी उभ्या असलेल्या पोराला उपयोगी पडेलच असे नाही. वर्गमित्र उभे राहिले नाहीत तर? २०२२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून ड्रॅग कलावंत लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवत होते, तेव्हा बाहेर निदर्शक जमले होते. हा चित्रपट येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. जग असे आहे. त्यात जेमी कॅम्पबेलची युक्ती जेमी न्यूच्या प्रांजळपणाहून अधिक कामाची आहे: साक्षीदार जमव, नोंद होईल अशी व्यवस्था कर, आपला वेष आपण निवड आणि तो कोणाच्या समाधानासाठी उतरवू नको.

मग आम्ही मराठीचे प्राध्यापक त्या पांढऱ्या झग्याला मान का डोलावतो? कारण ही आमची जुनी खोड आहे. उपेक्षितांच्या आत्मकथनांवरची आमची समीक्षा आठवावी. 'प्रांजळ', 'उत्कट', 'अनुभवाची सच्चाई', 'धगधगते वास्तव' या शब्दांची किती रास आम्ही घातली! दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) घ्या. त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. म्हणजे लेखकाने स्वतःचे दोन तुकडे करून एकाला बोलते केले आहे आणि दुसऱ्याला ऐकते. ही निखळ रचना आहे, जाणूनबुजून घेतलेला वेष आहे आणि त्या पुस्तकाचे अर्धे सामर्थ्य त्यात आहे. तरी परीक्षेत 'बलुतं'वर प्रश्न येतो तो 'त्यातील सामाजिक वास्तव स्पष्ट करा' हाच. प्रस्थापित लेखकाला आम्ही निवेदनतंत्राविषयी विचारतो. वंचिताला मात्र जखम दाखवायला सांगतो. त्याने विग घातलेला आम्हांला चालत नाही.

हा दोष मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी किती विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या समासात 'प्रामाणिक लेखन' असा शेरा मारला असेल याची गणती नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाने आपल्या घराविषयी लिहिले होते, पण सगळे तृतीयपुरुषी, जणू शेजारच्या घरात घडल्यासारखे, आणि मधूनमधून फार मजेदार. मी त्याला बोलावून सांगितले, "हे तुझेच आहे ना? मग 'मी' म्हणून लिही, जास्त भिडेल." त्याने ऐकून घेतले आणि त्यानंतर वर्षभर त्याने काहीच लिहून दाखवले नाही. त्याने जो आडोसा रचला होता तो मी ओढून काढला होता, आणि तेही त्याच्या भल्यासाठी! प्रॉमच्या दाराशी विग उतरवून घेणाऱ्या नाटककारांना दोष देताना तो मुलगा मला आठवतो.

म्हणून पुढच्या उजळणी वर्गात, पुन्हा बोलावले तर, मी शेवटचा प्रसंग दाखवणार नाही. मी २०११ च्या माहितीपटापासून सुरुवात करीन, आणि त्यातल्या प्रत्येक दृश्याला एकच प्रश्न विचारायला सांगीन: हा कॅमेरा इथे कोणी बोलावला? या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट उमगले की 'किती प्रांजळ!' हे उद्गार सहजासहजी तोंडातून निघणार नाहीत. त्या सोळा वर्षांच्या मुलाने स्वतःला व्यक्त तर केलेच, पण त्याआधी स्वतःला व्यक्त करता येईल अशी जागा त्याने बांधली. आपल्या अभ्यासक्रमात या बांधकामाला गुण द्यायची सोय अजून झालेली नाही.